पिल्लांची हगवण आणि तुमच्या शेती पानावरची औषधांची चौकट

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या शेतीच्या पानावर वराहपालनावर चांगलं अर्धं पान आलं होतं, बघून बरं वाटलं, कारण गाय म्हैस शेळी कोंबडी सगळ्यांना जागा मिळते पण डुक्कर म्हटलं की पेपरवालेसुद्धा नाकाला रुमाल लावतात. शेड कसं बांधायचं, राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान कसं मिळतं वगैरे माहिती ठीक होती. पण खाली कोपऱ्यात एक चौकट होती, "पिल्लांना हगवण लागल्यास", आणि त्यात पाच अँटिबायोटिकची नावं डोससकट, एकाखाली एक, किराणाच्या यादीसारखी. त्यातलं दुसरंच नाव कोलिस्टिन. साहेब, कोलिस्टिन जनावरांना द्यायला आपल्या देशात १९ जुलै २०१९ पासून बंदी आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं नोटिफिकेशन आहे, खाण्यासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मासे आणि पशुखाद्य, या सगळ्यांसाठी त्याचं उत्पादन, विक्री, वाटप बंद. म्हणजे जे दुकानदाराने विकायचं नाही ते तुम्ही चौकटीत छापलंत.

आता हे वाचून कोणी म्हणेल की एक चुकीचं नाव छापलं गेलं, एवढं काय त्यात, उद्या खुलासा छापतील. खुलासा छापाच. पण माझं म्हणणं त्या एका नावाबद्दल नाहीच आहे, त्या अख्ख्या चौकटीबद्दल आहे. हगवण म्हणजे औषध, हे जे समीकरण आपल्या डोक्यात बसलंय ना, त्या समीकरणापायी मी स्वतः बारा-तेरा वर्षांत किती पिल्लं पुरलीत ते मला माहीत आहे, म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय. छापायला मोठं होत असेल तर कापा, पण मधला आतड्याचा भाग कापू नका.

मी सावंतवाडी तालुक्यात राहतो. १४ माद्या आणि २ नर आहेत, यॉर्कशायर आणि गावठीचा क्रॉस. माल बहुतेक गोव्यात जातो, तिथे फेस्त म्हणजे चर्चचा सण आणि लग्नाच्या सीझनला मागणी असते आणि चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज, बनवणारे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. गावात आजही काही जण आमच्या घरी चहा घ्यायला कां कूं करतात तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

२०१८ च्या जुलैमधली गोष्ट. एका मादीने ११ पिल्लं दिली, सगळी धडधाकट. तेव्हा मी २१ व्या दिवशी दूध तोडायचो, कारण एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की जितक्या लवकर पिल्लं तोडाल तितक्या लवकर मादी पुन्हा माजावर येईल. दूध तोडलं, पिल्लं वेगळ्या खोलीत टाकली, पुढ्यात मका भरडा आणि सोयाबीन पेंडीचं खाणं, पेंड मुद्दाम जास्त, म्हटलं प्रोटीन गेलं की वजन येईल. पहिले दोन दिवस पिल्लांनी तोंडच लावलं नाही, तिसऱ्या दिवशी उपाशी असल्यासारखी तुटून पडली आणि चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर जमीन पिवळ्या पाण्याने माखलेली, पिल्लांचे डोळे खोल गेलेले, शेपटीखाली सगळं ओलं. धावत गेलो दुकानात. दुकानदाराने न विचारता दोन पुड्या दिल्या, एक कोलिस्टिनची, एक टेट्रासायक्लिनची, पाण्यात टाका म्हणाला. टाकल्या. दोन दिवसांत हगवण थांबली, मी खूश. आठ दिवसांनी परत सुरू, या वेळी पुड्यांनी काही झालं नाही, इंजेक्शनंही देऊन झाली, तरी ११ पैकी ७ गेली. उरलेली ४ जगली पण खुरटलेली, सहा महिन्यांनीही बाकीच्यांच्या निम्मीच.

तेव्हा मी नशिबाला दोष दिला. नंतर एका सरकारी डॉक्टरांनी मला अर्धा तास बसवून जे सांगितलं आणि त्यानंतर मी जे वाचत गेलो ते ऐका.

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काहीच नसतं, आणि रक्तातही आईकडून आलेली प्रतिकारशक्ती नसते. माणसाच्या बाळाला ती वारेतून थोडी मिळते, डुकरीणीची वार अशी जाड असते की त्यातून काही पलीकडे जात नाही. सगळं काही चिकातून. आणि तो चीकसुद्धा पहिल्या दिवसातच, कारण २४ तासांनंतर पिल्लाचं आतडं चिकातले प्रतिकारशक्तीचे मोठे कण, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात घ्यायचं बंद करतं, दार लावल्यासारखं. त्यामुळे जे शेवटचं बारकं पिल्लू आचळापर्यंत पोचत नाही त्याचं पहिल्याच दिवशी ठरून जातं. मी आता मादी व्यायला लागली की शेडमध्येच खाट टाकतो, बायको म्हणते माझ्या बाळंतपणाला एवढे जागला नव्हतात.

तर हे रिकामं आतडं. रिकामी जागा कधी रिकामी राहात नाही, आपल्याकडे सरकारी जमीनसुद्धा राहात नाही. काही तासांतच जंतू राहायला येतात, आईच्या अंगावरून, आचळावरून, जमिनीवरून, तिच्या शेणातून. हो, पिल्लं आईची विष्ठा चाटतात, खातात, आणि ते बघून मी आधी ओरडायचो. आता कळलं की तिथूनच त्यांना आतड्यातले बरेचसे रहिवासी मिळतात. सुरुवातीला ई-कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, क्लॉस्ट्रिडियम असले येतात, मग दूध चालू राहिलं की लॅक्टोबॅसिलस जम बसवतात. दुधातल्या साखरेचं ते लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, म्हणजे आपण दुधाला विरजण लावतो तेच काम पिल्लाच्या पोटात चालू असतं. पिल्लाच्या जठराला स्वतःचं अ‍ॅसिड पहिले काही आठवडे पुरेसं करता येत नाही, हे विरजणच त्याची राखण करतं. पोट आंबट असलं की वाईट ई-कोलायला तिथून जिवंत पुढे जाणं कठीण. वर आईच्या दुधातल्या अँटिबॉडी दिवसभर आतड्याला आतून सारवत असतात. डुकरीण साधारण तासाभराने एकदा पाजते आणि पान्हा जेमतेम वीस सेकंद, म्हणजे दिवसातून वीस-बावीस वेळा हे सारवण होतं.

आता याच्यात आपण २१ व्या दिवशी काय करतो बघा. एका सकाळी आई गेली, दूध गेलं, दुधातली साखर गेली म्हणजे विरजण गेलं, अँटिबॉडी गेल्या, जागा बदलली, दुसऱ्या वेताची अनोळखी पिल्लं आली, मारामाऱ्या झाल्या. रानात मादी आपल्या पिल्लांना तीन-चार महिने हळूहळू तोडते, आपण ते काम एका दिवसात करतो. पिल्लू घाबरून खात नाही. न खाल्ल्यामुळे आतड्यातली जी बारीक लव असते, जिच्यातून अन्न शोषलं जातं, ती दोन-चार दिवसांत आखूड होते. आणि मग उपाशी पिल्लू एकदम पेंडीवर तुटून पडतं. आखूड लवेला ती पेंड पचवता येत नाही, न पचलेलं प्रोटीन खाली जाऊन सडतं, खाण्यात टाकलेल्या चुनखडीमुळे पोटातला आंबटपणा आणखी कमी होतो. ई-कोलायला जेवायला वाढून ठेवल्यासारखं सगळं तयार. म्हणजे माझ्या २०१८ च्या त्या पिल्लांना हगवण बाहेरून कोणी आणून लावली नव्हती, मी स्वतः पेंडीची टोपली घेऊन तिला बोलावलं होतं.

ई-कोलाय म्हटलं की सगळे वाईटच असं पण नाही, बहुतेक ई-कोलाय पिल्लाच्या पोटात निमूट राहतात. त्रास देणारे वेगळे, त्यांच्या अंगावर केसासारखे आकडे असतात, ज्याला एफ-४ म्हणतात, जुन्या पुस्तकात के-८८. त्या आकड्यांनी ते आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. ते विष भिंत फोडत नाही, फक्त पाण्याचा नळ उघडा करून ठेवतं, शरीरातलं पाणी आणि मीठ आतड्यात ओतत राहतं. गंमत म्हणजे काही पिल्लांच्या भिंतीला ते आकडे अडकवायची खुंटीच नसते, जन्मतःच, आनुवंशिक. म्हणून एकाच खोलीत, एकच खाणं खाऊन तीन पिल्लं मरतात आणि चौथं उड्या मारत असतं. आमच्याकडे त्याला "ते वाचायचं होतं" म्हणतात.

आणि हा उघडा नळ कुठे पहिल्यांदा ओळखला गेला माहिती आहे का? हा जंतू नाही, पण त्याच जातीचं विष, कॉलऱ्याचं. कोलकात्यात शंभूनाथ डे नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात जंतू सोडून दाखवलं की पाणी तिथे साठतं, आणि १९५९ मध्ये कॉलऱ्याचं विष जंतूपासून वेगळं असतं हे सिद्ध केलं. आपल्या देशात झालेलं काम आहे हे, शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव मी तरी वाचलं नव्हतं. आणि १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं, कॉलऱ्याने मरणारे शेकडा ३० होते ते ४ च्या आत आले. कारण नळ उघडा असला तरी ग्लुकोजबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आत घ्यायचा एक रस्ता आतड्यात चालू राहतो, विष तो बंद करत नाही. पिल्लाच्या आतड्यातही तोच रस्ता आहे. तुमच्या चौकटीत पाच औषधं होती आणि पाणी कुठेच नव्हतं, साहेब. हगवणीत पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा सुकून मरतं, जंतूने खाऊन नाही.

पण इथेही एक फसगत आहे, मी केलेली. शेजारच्या आजोबांनी सांगितलं गुळाचं पाणी पाज, ताकद येईल. आठवड्याच्या आतल्या पिल्लाला ऊस-गुळाची साखर पचतच नाही, ती फोडायचा पाचकरस त्याच्याकडे तेव्हा नसतोच, उलट हगवण वाढते. ग्लुकोजच पाहिजे. मी मेडिकलमधून माणसांच्या ओआरएसची पाकिटं आणतो, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवतो, कोमट करून उथळ ताटलीत ठेवतो आणि जे पीत नाही त्याला सिरिंजने थोडं थोडं. आणि ऊब. नव्या पिल्लाला ३२ ते ३४ डिग्री लागतं, आईला एवढं दिलं तर ती धापा टाकेल, म्हणून कोपऱ्यात पिल्लांसाठी वेगळा खोका आणि बल्ब. आमच्याकडे जुलैत चार-चार दिवस ऊन नसतं, जमीन सुकत नाही, लाईट जाते ती वेगळीच. कोकणातली निम्मी हगवण ही गारठ्याची हगवण आहे असं माझं मत आहे. मत आहे, अभ्यास नाही.

आता अँटिबायोटिककडे येतो. मी त्याच्या विरोधात नाही, कोणी तसं समजू नये. पिल्लू आडवं पडलं, ताप आहे, डॉक्टरांनी बघून सांगितलं तर द्यायलाच पाहिजे. पण हगवण ही काही एक गोष्ट नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्ताची हगवण आणि फटाफट मरणं, ते क्लॉस्ट्रिडियम असू शकतं. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांच्या पिल्लाला पिवळसर-पांढरी, लोण्यासारखी हगवण होते आणि कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही ती बरेचदा कॉक्सिडियाची, तो जंतू वेगळ्या जातीचा, त्याचं औषध वेगळं. रोटाव्हायरस असेल तर अँटिबायोटिक म्हणजे भिंतीवर पाणी मारणं. अमेरिकेत २०१३ साली पीईडी नावाचा व्हायरस शिरला आणि लाखो पिल्लं गेली, तिथे औषधांची काय कमी होती का? एकाच चौकटीत सगळ्या हगवणींना एकच यादी देणं म्हणजे ताप आला की सगळ्यांना मलेरियाची गोळी.

आणि पुडी दिल्यावर आत काय होतं? कोलिस्टिन एकटं असेल तर ते लॅक्टोबॅसिलसला फारसं काही करत नाही, ते ई-कोलायच्या जातीवर चालतं. पण एकटं कोण देतो? आमच्याकडे बरोबर टेट्रासायक्लिन नाहीतर अमॉक्सिसिलिन असतंच, आणि ते चांगला-वाईट बघत नाही. घरात चोर शिरला म्हणून अख्खी वाडी उठवून लावल्यासारखं. दोन दिवस शांतता, मग रिकाम्या घरांत पहिला कोण येतो? जो औषधाला पुरून उरलाय तोच. माझी ती आठ दिवसांनी परत आलेली हगवण ही होती, निदान मला तरी आता तसंच वाटतं.

कोलिस्टिनचं दुःख वेगळं आहे. ते तोंडाने दिलं की रक्तात फारसं जात नाही, आतड्यातच राहतं आणि शेणाबरोबर बाहेर येतं, शेण शेतात, शेतातून ओहोळात. हे जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून माणसांत मागे पडलेलं, पण आता आयसीयूत बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर शेवटी हेच काढतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सांगितलं की डुकरांच्या ई-कोलायमध्ये एमसीआर-१ नावाचं एक जीन सापडलंय जे कोलिस्टिनला निकामी करतं, आणि ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, वर्गात मागच्या बाकावरून चिठ्ठी फिरते तसं. डुकराच्या ई-कोलायकडून माणसाच्या जंतूपर्यंत. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन टाकणं बंद केलं, आपण २०१९ मध्ये सगळंच बंद केलं. कागदावर. म्हणजे मी १०० रुपयाची पुडी पाण्यात टाकली तर तिचा हिशोब उद्या माझ्याच आईच्या आयसीयूत होऊ शकतो. हे मला २०१८ ला कोणी सांगितलं नव्हतं, दुकानदाराने तर नाहीच, त्याला दोष देत नाही, तो धंदा करतो.

काही जण म्हणतात की परदेशात हे सगळं चालतं, आपल्यालाच कशाला सोवळं. उलट आहे. स्वीडनने वाढीसाठी अँटिबायोटिक खाऊ घालणं १९८६ लाच बंद केलं. डेन्मार्क, जिथे माणसांपेक्षा डुकरं जास्त, त्यांनी २००० च्या आसपास बंद केलं, आणि सोपं गेलं नाही त्यांना, दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण सुरुवातीला वाढली आणि उपचाराची औषधंही वाढली. पण त्यांनी माघार घेतली नाही, एकूण वापर खाली आला आणि डुकरं मात्र वाढली. २०१० पासून तर जो फार्म ठरलेल्या मर्यादेच्या वर औषध वापरेल त्याला पिवळं कार्ड दाखवतात, फुटबॉलसारखं. पूर्ण युरोपियन युनियनने वाढीसाठीच्या वापरावर २००६ पासून बंदी केली. मग तिकडचे शेतकरी झिंक ऑक्साईडवर गेले, टनभर खाद्याला अडीच किलो झिंक पडेल एवढं, हगवण थांबायची, पण ते झिंक शेणातून जमिनीत साठत राहिलं आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनाही त्याने बळ मिळतं असं दिसलं, म्हणून जून २०२२ पासून तेही बंद. म्हणजे त्यांनाही शेवटी तिथेच यावं लागलं, पिल्लाचं वय, खाणं, पोटातला आंबटपणा. फ्रान्समध्ये २०१७ साली थोड्या पिल्लांवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात सातव्या दिवशीच्या विष्ठेतले जंतू बघून दिसलं की ज्या पिल्लांना दूध तोडल्यावर पुढे हगवण लागली त्यांची आतली वस्ती सातव्या दिवसापासूनच वेगळी होती. सातव्या दिवशी! आणि आपण अठ्ठाविसाव्या दिवशी पुडी घेऊन धावतो.

मी काय बदललं ते सांगतो, कोणी माझंच करावं असं नाही. दूध ३५ व्या दिवशी तोडतो. याचा तोटा आहे, लपवत नाही. गाभणकाळ ११४ दिवस, तोडल्यावर साधारण आठवड्यात माज, म्हणजे २१ दिवसांच्या हिशोबाने वर्षाला अडीचच्या थोडी वर वेतं पडतात, ३५ च्या हिशोबाने सव्वादोनच्या जरा वर. पाव वेत गेलं. पण सात पिल्लं पुरण्यापेक्षा पाव वेत परवडलं. दहाव्या दिवसापासून पिल्लांना चिमूटभर खाणं आईजवळच चाखायला देतो म्हणजे तोडायच्या दिवशी ते नवीन नसतं. पेंड कमी केली, तोडल्यावरचे पहिले दोन आठवडे तर बरीच कमी, चुनखडीही कमी. वजन थोडं मागे राहतं, महिन्याभरात भरून निघतं. तोडताना पिल्लं हलवत नाही, मादी हलवतो, पिल्लं त्याच ओळखीच्या खोलीत. एवढ्या साध्या गोष्टीने फरक पडतो यावर माझा विश्वास नव्हता.

आणि आंबवलेलं खाणं. आपल्या कोकणात पेज शिळी करून खायची रीत आहे, आजी म्हणायची पोट थंड राहतं. डेन्मार्कवाले तेच डुकरांना करतात, खाणं पाण्यात भिजवून आंबवून, त्याची मोठी मोठी टाक्यांची सिस्टिम. माझ्याकडे दोन निळी पिंपं आहेत. एक भाग भरडा, अडीच भाग पाणी, आधीचं थोडं विरजणाला, आणि पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, कागदी पट्टी, आकडा जितका कमी तितकं आंबट. साडेचारच्या खाली गेल्याशिवाय वाढायचं नाही, हे महत्त्वाचं आहे, कारण नवीन पिंप लावलं की पहिल्या एक-दोन दिवसांत त्यात चांगले जंतू बसायच्या आधी ई-कोलायच वाढतात. आमच्या एका मित्राने पट्टी न लावता नुसता वास घेऊन दुसऱ्याच दिवशी घातलं आणि मला शिव्या दिल्या. कोकमाचं आगळ पण मी पाण्यात घालून पाहिलंय, फायदा झाला का नाही सांगता येत नाही, पिल्लांना आवडलं एवढं खरं.

स्वच्छतेचं एक राहिलं. व्यायच्या आधी मादीला धुतो, आचळं पुसतो, खोली धुऊन पूर्ण सुकवतो, सुकवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. हॉटेलचं उरलेलं अन्न आणणारे आमच्याकडे बरेच आहेत, मी पण पूर्वी आणायचो, आता आणलं तरी उकळल्याशिवाय नाही, कारण २०२० पासून आफ्रिकन स्वाईन फिव्हर देशात आहे आणि त्याला तर औषधच नाही. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरत नाही, पिल्लाला रोज सात ते दहा मिलीग्रॅम लोह लागतं आणि आईच्या दुधात जेमतेम एक मिळतं. पण डॉक्टर सांगतील तेवढंच, जास्त लोह दिलं तर ते जंतूंनाच खत होतं.

हगवण आता बंद झाली का? नाही. या पावसाळ्यात दोन वेतांना लागली. पण तेव्हा मला हवं होतं एवढंच की ही कसली हगवण आहे आणि याला कुठलं औषध चालतं हे कोणीतरी तपासून सांगावं. विष्ठेचा नमुना घ्यायचा, जंतू वाढवायचा, औषधांच्या चकत्या ठेवून बघायचं, माणसांच्या लघवीच्या टेस्टला जे गल्लीतल्या लॅबमध्ये होतं तेच. त्यासाठी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुना पाठवा असं सांगितलं गेलं. तिथलं काम चांगलं आहे असंच ऐकलंय, पण आमच्यापासून ते साडेतीनशे किलोमीटरच्या वर, बर्फात ठेवून पाठवायचं, रिपोर्ट येईपर्यंत पिल्लू एकतर बरं होतं नाहीतर खड्ड्यात जातं. मग माणूस पुडीच टाकतो, काय करेल? अनुदान ३० लाखांपर्यंत देता शंभर माद्यांच्या फार्मला, त्या शंभर माद्यांची हजार पिल्लं हगली तर बघायला जिल्ह्यात एक टेबल आणि एक इन्क्युबेटर नको? यावर लिहा ना तुमच्या पानावर, आमचं कोणी ऐकत नाही, पेपरचं ऐकतात.

बाकी खुलासा छापताना कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, जिथे चौकट होती तिथेच आणि तेवढीच मोठी छापा. आणि त्यात पहिल्या ओळीत पाणी, दुसऱ्या ओळीत ऊब, तिसऱ्या ओळीत डॉक्टरला बोलवा असं लिहा. माझ्या एका मादीची ९ पिल्लं येत्या बुधवारी ३५ दिवसांची होतायत, दोन दिवस आधीपासून पिंप तयार ठेवायचंय, म्हणून इथेच थांबतो.

आपला नेहमीचा वाचक,
एक वराहपालक
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग